सोनूचा उजवा हात

१

अंजू राठोडचा पहिला वाद दारातच झाला.

यवतमाळला ‘पंचेंद्रिय विज्ञानघर’ उघडलं, तिथं म्हणे सगळं हात लावून, हुंगून, ऐकून पाहता येतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ती नवऱ्याला आणि सात वर्षांच्या सोनूला घेऊन आर्णीहून मोटरसायकलवर आली होती. आणि दारावरच्या एवढ्या मोठ्या पाटीवर ‘स्पर्श’ हा शब्द पोटफोड्या ‘ष’नं लिहिलेला! अंजू आर्णीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, पण चुकीचं अक्षर दिसलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. तिकीट काढायच्या आधीच तिनं व्यवस्थापकाला बोलावणं पाठवलं.

“जिल्ह्यातल्या शाळांची मुलं इथं येणार. हेच वाचून घरी जाणार. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

व्यवस्थापक रजत नावाचा तिशीतला तरुण होता. गळ्यात ओळखपत्र, ओठांवर शिकवून दिलेलं हसू. “लगेच बदलतो मॅडम,” तो म्हणाला.

“लगेच म्हणजे कधी?”

अशा वेळी तिचा नवरा बादल दोन पावलं मागं सरकायचा आणि मोबाइलमध्ये काहीतरी पाहत उभा राहायचा. बायकोचा स्वभाव त्याला ठाऊक होता. तांड्याच्या फाट्यावर बस थांबत नाही म्हणून ती एकदा भर रस्त्यात हात आडवे करून उभी राहिली होती. तेव्हापासून बस थांबते, आणि तांड्यातली म्हातारी माणसंसुद्धा अंजूला ‘बाई’ म्हणतात.

विज्ञानघर कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात होतं. बाहेरून रंग दिलेला, आतून पत्र्याखाली पांढरं छत ठोकलेलं. पहिल्या दालनात एक लांबलचक नळी होती, एका टोकाला पुटपुटलं की दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू यायचं. पुढे वासाच्या बरण्या होत्या. लसूण, रॉकेल, मोहाची फुलं. रॉकेलच्या बरणीला सोनूनं असं तोंड वाकडं केलं की बादल मोठ्यानं हसला. त्याच्या पुढे डोळ्यांना चकवणारी चित्रं, आणि त्यांच्यावर पाटी: ‘तुमची इंद्रियं तुम्हाला फसवतात. खात्री करून घ्या.’

ही पाटी मात्र अंजूला आवडली. तिनं ती सोनूकडून मोठ्यानं वाचून घेतली.

२

शेवटचं दालन स्पर्शाचं होतं. दिवे मंद होते. एका भिंतीला लागून काळ्या फळ्यांचं एक लांब खोकं बसवलं होतं, मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढ्या उंचीवर. त्याला गोल भोकं होती आणि प्रत्येक भोकाला आतून काळ्या कापडाची बाही शिवली होती, म्हणजे आतलं काही दिसू नये. हात घालायचा, चाचपायचं, वस्तू ओळखायची, मग खालची झडप उचलून उत्तर पाहायचं. लेकरांसाठी खाली एक लाकडी पायरीही होती.

सोनूला हा खेळ फार आवडला. “खराटा! नारयाची शेंडी! मक्याचं कणीस!” ती एकेका भोकातून ओरडत पुढे चालली होती. अंजू तिच्या मागं उत्तरं तपासत येत होती. सगळी बरोबर.

शेवटच्या भोकाशी सोनू गप्प झाली.

“काय हाय?” अंजूनं विचारलं.

“याडी,” सोनू म्हणाली. घरात गोर बोलीत आईला हीच हाक होती. “इथं कोनी तरी हाय.”

“कोनी म्हंजे?”

“बाई हाय. मायासंगं हात मियवून राह्यली.”

सोनू हसत होती. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेलेला होता आणि गाल फळीला चिकटला होता. अंजूचं डोकं तिथंच तापलं. खोक्यामागं माणूस बसवून लेकरांचे हात धरायला लावायचे, ही कुठली पद्धत? मुलींचे हात? आणि तेही आईबापांना न सांगता?

“काढ हात,” ती म्हणाली.

“निघत नाही. सोडत नाही थे.” सोनूचं हसू हळूहळू उतरलं. “याडी, सोडत नाही.”

अंजूनं तिला काखेत धरून मागं ओढलं. क्षणभर समोरूनही ओढ आली. दाव्याला बांधलेली कालवड ओढते तशी, दमदार आणि न बोलता. मग ओढ एकदम सैल झाली, काळी बाही उलटी होऊन बाहेर आली आणि सोनू आईच्या अंगावर पडली. हात धड होता. ओरखडा नाही, वळ नाही. बादल धावत आला.

“कोण बसवलंय आत? बाहेर काढा आधी त्या बाईला!” अंजूचा आवाज सगळ्या दालनांत गेला.

रजत आला. त्याच्या मागून उकंडा आला. हा तिथला मदतनीस, पन्नाशीतला, खिशाला पेचकस लटकवलेला. रजतनं त्याला खोक्याची बाजूची फळी उघडायला सांगितली. आत एक वाळलेलं कापसाचं बोंड पडलं होतं. त्याच्या मागं प्लायवूड, आणि प्लायवूडच्या मागं विटांची भिंत. सगळं मिळून खोकं जेमतेम वीतभर खोल होतं.

“लहान मुलं घाबरतात मॅडम,” रजत म्हणाला. “बोंडाची टोकं हाताला लागतात, तिला कोणी धरल्यासारखं वाटलं असेल.”

“तिचा हात खांद्यापर्यंत आत होता. मी पाहिलं.”

“तुम्हाला तसं वाटलं,” रजत समजुतीनं म्हणाला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तीच पाटी इथंही लावलेली होती.

शाळेत पोरं खोटं बोलताना अंजूला जेवढा राग येत नसे तेवढा तिला त्या समजुतीच्या सुराचा आला. ती बोलतच राहिली असती, पण बादलनं सोनूला कडेवर घेतलं आणि तो दाराकडे चालू लागला.

३

बसस्थानकाजवळच्या चौकात बादलनं मोटरसायकल पलीकडे लावली होती. सोनूला खाली उतरवून, चाबी घेऊन तो पुढे गेला. अंजू मागून येत होती आणि मनातल्या मनात रजतला अजून सुनावत होती. वाहनांवर नजर ठेवून तिनं मागं हात केला, त्यात सोनूनं हात दिला आणि दोघी रस्ता ओलांडू लागल्या.

अर्ध्या रस्त्यात अंजूच्या लक्षात आलं की हातातला हात तिच्या हातापेक्षा मोठा आहे.

तळवा रुंद आणि कोरडा. पेरांना भेगा. नखांच्या कडेची चामडी उललेली, कापूस वेचणाऱ्या बायकांची बोंडाच्या टोकांनी उलते तशी. तिला वाटलं, गर्दीत चुकून भलत्याच बाईचा हात धरला. तिनं झटकन खाली पाहिलं.

सोनू होती. तिचाच उजवा हात, नखांवरचं गुलाबी नेलपॉलिश अर्धं उडालेलं. पाहता पाहता तो हात अंजूच्या मुठीत लहान झाला, मऊ झाला, घामेजला.

तिनं नजर वर केली. हात पुन्हा मोठा.

मागून टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला तेव्हा ती भानावर आली. पलीकडे जाऊन तिनं सोनूचा डावा हात धरून पाहिला. डोळे मिटले तरी तो सोनूचाच होता. उजवा धरला, डोळे मिटले, आणि पटकन सोडला.

परतीच्या वाटेवर सोनू दोघांच्या मधे बसून डुलक्या घेत होती आणि अंजू स्वतःला शिकवत होती. डोळा हा वर्गातला दांडगा पोरगा असतो, बाकीच्या इंद्रियांना बोलू देत नाही, हे तीच तर मुलांना सांगायची. मन बिथरलं की कातडी काहीही सांगते. चौकात ती रागात होती. रागात माणसाला नाही नाही ते जाणवतं. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त सोनूचा उजवा हात तिच्या मांडीवर होता, आणि तो साडीवरून सरकला की कापडाचे धागे त्याच्या भेगांत अडकत होते.

४

शाळा सुरू झाल्यावर चार-दोन दिवसांतच सोनूच्या वर्गाच्या विमलताईंनी अंजूला बोलावून घेतलं. त्या वयानं मोठ्या होत्या, कधी चढ्या आवाजात न बोलणाऱ्या.

“अंजू, घरी काही झालं काय वं? पोरीचं अक्षर असं कसं झालं?”

सोनूचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुबक होतं. आता पानावर नुसत्या रेघा होत्या, वेड्यावाकड्या, कागद फाटेस्तोवर दाबलेल्या. “आयकत नाही असं नाही,” विमलताई म्हणाल्या. “तिले पेन्सिलच धरता येत नाही. खुरपं धरावं तशी धरते.”

घरी अंजूनं पेन्सिल दिली. सोनूनं ती मुठीत धरली आणि ‘क’ काढायला बसली. कपाळावर घाम आला, ओठ दाताखाली गेला, पण ‘क’ झाला नाही.

“मी तिले सांगून राह्यली,” सोनू रडवेली होऊन म्हणाली. “असा गोल कर म्हन्ते. पन तिले येत नाही.”

“कोनाले येत नाही?”

सोनूनं उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो फ्रॉकखाली लपवला.

डॉक्टरनं बोटं वाकवून पाहिली, एक्स-रे काढला, तो उजेडाकडे धरून म्हणाला, उत्तम आहे, सात वर्षांच्या मुलीचा असायला हवा तसा आहे. थोडे दिवस लिहायला लावू नका. अंजूनं त्यालाही विचारलं, तुम्ही डोळे मिटून तो हात धरून पाहिला का? डॉक्टरनं बादलकडे पाहिलं. बादलनं मान खाली घातली.

त्या रविवारी ती तिघं शेतावर गेली. कापूस फुटला होता. सोनू कापसाच्या ओळींतून, तासातासांतून बडबडत फिरत होती, टीव्हीवरच्या मांजराची काहीतरी गोष्ट सांगत होती, आणि तिचा उजवा हात वेचत होता. बोंडाला हात लागला की बोटं आत शिरून सगळा कापूस एका ओढीत निघायचा, मागं काडी नाही, पाती नाही. सोनू तिकडे पाहतसुद्धा नव्हती. हाताचा आणि गोष्टीचा काही संबंध नव्हता. कापूस ठेवायला जागा नव्हती तर हातानं फ्रॉकचा घोळ उचलून त्याचीच ओटी केली.

“पाह्य तं!” बादल कौतुकानं म्हणाला. “जन्माची वेचत आल्यासारखी वेचून राह्यली!”

अंजू तासं तुडवत गेली आणि सोनूच्या ओटीतला कापूस तिनं खाली झटकून टाकला.

“माही पोरगी कापूस वेचाले जन्माले नाही आली,” ती बादलला म्हणाली. “माही याडी वेचत मेली, तुमची वेचत मेली. हिनं अक्षर गिरवलं होतं. तिचं अक्षर कोनी नेलं थे सांगा मले!”

“कोन नेईन अक्षर? येडी झाली काय तू?”

खाली पडलेला कापूस सोनूचा हात पुन्हा उचलू लागला होता.

५

अंजूनं मग एक प्रयोग केला. ती विज्ञानाची शिक्षिका होती. तिला स्वतःवर शंका होती, आणि ती शंका दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायला हवी होती.

दुपारची वेळ होती. तिनं बादलच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. खेळ आहे म्हणून तोही तयार झाला. आधी तिनं स्वतःचा हात त्याच्या हातात दिला. “तू,” तो म्हणाला. मग सोनूचा डावा. “ही माही चिमणी.” मग सोनूला जवळ घेऊन तिचा उजवा हात तिनं त्याच्या तळव्यावर ठेवला.

बादलनं तो धरला, अंगठा एकदा मागं फिरवला, आणि पाटावरून उठून उभाच राहिला. हात त्यानं असा सोडला होता जसा गर्दीत परक्या बाईला धक्का लागल्यावर माणूस अंग चोरतो.

“माफ करा बाई,” तो म्हणाला. “मले वाटलं, पोरगी हाय.”

बाहेर शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली. बादलनं ओढणी खाली ओढली. समोर अंजू आणि सोनू, दोघीच. त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, मोरीत पाहिलं, परत आला.

“आता सांगा,” अंजू म्हणाली. “कोनाचा होता?”

त्याचा चेहरा उतरला होता. तो सोनूच्या हाताकडे पाहत राहिला, आणि जेवढा वेळ पाहत राहिला तेवढं त्याचं धैर्य परत येत गेलं. “सोनूचाच होय,” तो शेवटी म्हणाला. “दुसरा कोनाचा राहीन?”

“तुमी माफी मागितली.”

“चुकून बोललो.”

“तुमच्या हातानं ओयखलं! आन् आता डोयानं दिसते म्हनून तुमी हाताले खोटं पाडून राह्यले!” अंजू ओरडली. इतके दिवस तिला वाटायचं, आपल्याला कोणी खरं मानत नाही याचा हा राग आहे. तसं नव्हतं. तिला खरं मानलं गेलं होतं, एका क्षणापुरतं, आणि मग तोच माणूस तिच्या डोळ्यांदेखत तिथून पळून गेला होता.

“थे रागावली नाही बा,” सोनू हळूच म्हणाली. “तिले कोनी ‘माफ करा’ नाही म्हन्त कधी. तिले बरं वाटलं.”

बादलनं पायांत चपला घातल्या. “बरं,” तो भिंतीकडे पाहत म्हणाला. “उद्या जाऊ यवतमायले.”

६

दुसऱ्या दिवशी विज्ञानघरात गर्दी नव्हती. दारावरची पाटी बदललेली नव्हती, पण अंजूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती थेट स्पर्शाच्या दालनात गेली. तिच्यामागं बादल आणि सोनू, त्यांच्यामागं धावत रजत.

“मॅडम, काय झालं ते आपण माझ्या खोलीत बसून बोलू.”

“बोलायचं काही नाही. माझ्या मुलीचा हात इथं राहिला आहे. तो मला परत पाहिजे.”

रजतनं सोनूच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग बादलकडे. बादलनं या वेळी मान खाली घातली नाही.

“मॅडम, तुम्ही स्वतः विज्ञानाच्या…”

“हो, मी विज्ञानाचीच आहे.” अंजूची शुद्ध भाषा तिथं संपली. “तुमीच लिहिलं ना भिंतीवर, इंद्रियं फसवतात म्हनून? लिहिलं का नाही? मंग सांगा, कोनतं फसवून राह्यलं? डोया का हात? दरखेपेले हातच कायले खोटा? लेकराचं लिहनं गेलं, अन् तुमी मले वाटलं म्हन्ता! वाटलं! तुमच्या खोक्यात लेकराचा हात जाते, दुसऱ्याचा हात घेऊन वापस येते, अन् तुमी पाटीकडं बोट दाखवता!”

रजत काही बोलणार होता, पण तेवढ्यात तिनं शेवटच्या भोकात हात घातला.

बोंड लागलं. त्याची टोकं बोटांना टोचली. तिनं ते बाजूला सारलं. मागं प्लायवूड होतं, गुळगुळीत, थंड. हाताला वीतभराच्या पुढे जागाच नव्हती. रजतनं सुटकेचा श्वास सोडला, तो तिला ऐकू आला. त्या श्वासाचाही तिला राग आला.

तिनं डोळे मिटले.

प्लायवूड नव्हतं.

कोपर आत गेलं. मग दंड. मग गाल फळीला टेकला. आतली हवा सकाळच्या शेतासारखी होती, ओलसर आणि मोकळी, आणि ती हलत होती. बोटं पसरली तरी कशाला लागत नव्हती. तिला त्या क्षणी कळलं की आपण इथवर भांडत आलो, पण हे खरं निघेल असं आपल्याला वाटलं नव्हतं. तिनं हात मागं घेतला असता.

तेवढ्यात तिचं मधलं बोट कोणीतरी धरलं.

इवलीशी मूठ होती. घामेजलेली, कोमट. अंजूनं अंगठा फिरवला. नखावर नेलपॉलिशचा खरखरीत तुकडा लागला, अर्धा उडालेला.

“सोनू,” ती म्हणाली.

“हो याडी,” सोनू तिच्या पाठीमागून म्हणाली.

आतल्या मुठीनं बोट सोडलं आणि अंजूचा तळवा सपाट केला. त्यावर एक बोट फिरू लागलं. हळूहळू, वळणदार, काना मात्रा चुकू न देता. आधी ‘या’. मग थांबून, ‘डी’.

अंजूनं तो हात धरला आणि ओढला. तो आला. मनगटाच्या पुढे काय आहे ते चाचपायचं धाडस तिला झालं नाही. हात तिच्या हातातून सरकत कापडी बाहीपर्यंत आला, आणि तिथं, आता बाहेर येतो की नाही या घाईत, तिच्या पापण्या किलकिल्या झाल्या.

मुठीत बोंड होतं.

पुन्हा डोळे मिटून तो हात सापडेपर्यंत तिचं जे झालं ते तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही. तो सापडला. या वेळी त्याची बोटं गार होती आणि त्यांनी तिला असं धरलं की तिची हाडं दुखली.

७

“फळी उघड,” रजत उकंडाला म्हणाला. “मॅडमचा हात कुठं अडकलाय बघ.”

अंजू डोळे मिटून उभी होती. तिला पेचकसाची किरकिर ऐकू आली, एक स्क्रू फरशीवर पडून घरंगळला, फळी सरकली.

“उकंडा भाऊ,” ती म्हणाली, “काय दिसते?”

उघड्या पडलेल्या माणसावर कपडा टाकावा तशी उकंडानं फळी हलक्या हातानं परत लावली. त्याची पावलं मागं मागं गेली आणि दालनाबाहेर पडली.

“काय होतं? अरे, काय होतं?” रजत त्याच्या मागं ओरडला. स्वतः मात्र त्यानं फळीला हात लावला नाही. त्याचा आवाज आता समजुतीचा राहिला नव्हता. “मॅडम, हात काढा. प्लीज. डोळे उघडा आणि हात काढा.”

“नाही उघडत.”

“आम्हाला बंद करावं लागेल.”

“करा बंद. कुलूप लावा, दिवे घालवा, पोलीस बोलवा. मी डोये उघडत नाही अन् हात सोडत नाही. तुमाले जे दिसते थे तुमी पाहत बसा.”

बादल तिच्या जवळ येऊन उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या मानेवर लागत होता. “हाय काय आत?” त्यानं विचारलं.

“हाय. तुमी डोये मिटा अन् माया मागून धरा मले. आपुन दोघं ओढू.”

तो तिच्या कमरेभोवती हात घालतो न घालतो तोच लाकडी पायरी फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज झाला. कोणीतरी पायरीवर चढलं. अंजूच्या कपाळावर एक हात आला.

रुंद, कोरडा हात. भेगांमध्ये तिचे केस अडकत होते. तो तिच्या कपाळावरून मागं फिरला, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागं. तापात पडलेल्या लेकराला आई कुरवाळते तसा. त्यात राग नव्हता. अंजूला वाटलं होतं, असला तर दुष्टावा असेल. दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. “तुयं काय गेलं, कोनं नेलं, मले माईत नाही. ज्यानं नेलं त्याच्याशी मी भांडीन. तू म्हनशीन तिथं येऊन भांडीन. पन माया लेकराचा हात नोको ठेवू.”

हात थांबला. कपाळावर तसाच, जड, राहिला. ऐकत असल्यासारखा.

मग तो खाली सरकला. भुवयांवरून, डोळ्यांच्या खाचेत. दोन बोटं तिच्या पापण्यांवर टेकली आणि त्यांनी हलकेच, बोंडातून कापूस काढतात तशा सवयीनं, पापणीची कड धरली.

“याडी,” कानाशी सोनू रडत होती. “मी नाही करून राह्यली, याडी. मी नाही.”

अंजूनं डाव्या हातानं ते मनगट पकडलं. मनगट मात्र सोनूचंच होतं, काडीसारखं. जोर केला तर मोडलं असतं. तिची बोटं त्याच्याभोवती नुसती टेकून राहिली.

तिनं दात आवळले, सगळा चेहरा आवळला. पापणी वर उचलली जात होती. तळाशी उजेडाची लाल रेघ उमटली, रुंद होत गेली, आणि त्या उजेडात अगदी जवळ तिला गुलाबी नखांची इवली बोटं दिसू लागली. खोक्याच्या आत, खांद्याएवढ्या खोलवर, दुसरी मूठ तिचं बोट जिवाच्या आकांतानं आवळत होती, आणि एकेक पेर निसटत चाललं होतं.